ओळंबा, संत्रं आणि झिरो माईल

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर एक खोली चढवली. मिस्त्री सकाळी आठच्या ठोक्याला यायचा, कोपऱ्यावरचे तर्री-पोहे पोटात टाकून, आणि थापीला हात लावायच्या आधी पिशवीतून पितळी ओळंबा काढायचा. दोरी सोडायची, गोळा झुलायचा थांबेपर्यंत बिडी ओढायची, मग एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी मी उगाच शहाणपणा केला. "भिंत जराशी कलल्यासारखी वाटते का हो?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओळंब्याकडे बोट केलं. "भाऊ, डोळा फसवंल. मी फसवीन. हा नाही फसवत."

मी गप्प बसलो, पण मनात आलं की फसवतो. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, इथेच, भारतात, ओळंबा फसवताना पकडला गेला. आणि त्या चोरीच्या तपासातून असं काहीतरी हाती लागलं की भूगोलाची पुस्तकं नव्याने लिहावी लागली. त्या गोष्टीचा एक धागा आपल्या झिरो माईलपाशी आहे, दुसरा हिंगणघाटला. आणि मधला भाग समजून घ्यायला घरात एखादं संत्रं असलेलं बरं.

झिरो माईलपासूनच सुरुवात करू, कारण त्याबद्दल आपण नागपूरकर पाहुण्यांना जे सांगतो ते मला बरीच वर्षं खटकत होतं. पाहुणा आला की आपण त्याला विधानभवनाजवळ नेतो, चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब दाखवतो, आणि छाती फुगवून सांगतो: हा भारताचा मध्य, इंग्रज इथून सगळ्या देशाची अंतरं मोजायचे. मेट्रोचं स्टेशनसुद्धा आता त्याच नावाचं आहे. पण खांबाशेजारच्या षटकोनी दगडावर काय कोरलंय ते वाचायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. तिथे आहे सिवनी ७९ मैल, जबलपूर १७०, रायपूर १७४, हैदराबाद ३१८. चांदा आहे, छिंदवाडा आहे, बैतूल आहे. मुंबई नाही. दिल्ली नाही. खांब उभा राहिला त्या १९०७ साली देशाची राजधानी कलकत्ता होती, तिचंही नाव नाही. देशभरची अंतरं मोजायचा दगड आणि त्यावर राजधानीच नाही, हे कसं?

मध्याचीही तीच गत. १९०७ च्या नकाशात ब्रह्मदेश होता, आजचा पाकिस्तान आणि बांगलादेशही होता. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला, १९४७ मध्ये दोन्ही बाजूंचे लचके निघाले. कडा एवढ्या हलल्या तरी मध्य मात्र सीताबर्डीच्या टेकडीखाली आहे तिथेच बसून राहिला! तिकडे मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी गावही देशाचा मध्य म्हणून दाखवलं जातं. असो, भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं.

मग तो खांब आहे तरी कशाचा? तो ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, एक प्रमाण बेंचमार्क आहे. बेंचमार्क हा शब्द आज ऑफिसात पगारवाढीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतो, पण तो मूळचा सर्व्हेवाल्यांचा: ज्या खुणेची उंची पक्की ठाऊक आहे अशी खूण. या खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. त्या दशांश चिन्हापुढचे आकडे बघा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सर्वांत जवळचा समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर लांब असताना हे लोक नागपुरात बसून मिलिमीटरच्या खाली बोलत होते. मध्य असण्यापेक्षा ही बढाई मला जास्त मोठी वाटते, पण ती आपण कधी मारत नाही.

समुद्राची पातळी नागपुरापर्यंत आणली कशी? मिस्त्री दोन खांबांवर एकसारखी खूण करायला पारदर्शक नळीत पाणी भरतो, तीच युक्ती लांबवर नेलेली. आधी कराची, मुंबई, मद्रास अशा बंदरांवर भरती-ओहोटी वर्षानुवर्षं मोजायची आणि सरासरी काढायची. मग किनाऱ्यावरून निघायचं. मध्ये दुर्बीण बसवलेलं यंत्र, पुढे एक आकडे लिहिलेली पट्टी, मागे एक. दोन्ही वाचायच्या, फरक लिहायचा, सगळं उचलून पुढे. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर. एका मांडणीत १०० मीटर सरकलं असं धरलं तरी आठ हजारांवर वेळा यंत्र मांडायचं आणि उचलायचं. आणि परत येताना पुन्हा मोजायचं, कारण एकदाच मोजलेल्यावर भरवसा कोण ठेवणार? हे काम १८५८ ला सुरू झालं आणि पहिलं देशव्यापी जाळं १९०९ ला पूर्ण झालं. एक्कावन्न वर्षं. आपल्या खांबाचं साल १९०७, म्हणजे तो त्या जाळ्याच्या शेवटच्या टप्प्यातला.

उंचीचं झालं. पण देशाची लांबी-रुंदी मोजायची तर पट्टी घेऊन जंगलातून, नद्यांतून, डोंगरांवरून चालता येत नाही. तिथे त्रिकोण कामाला येतो.

फुटाळ्याच्या काठावर उभे राहा. समोरच्या काठावर एक झाड आहे, ते किती लांब आहे हे पाण्यात न उतरता काढायचंय. तुमच्या काठावर १०० मीटरची एक सरळ रेघ मोजा. एका टोकावर उभं राहून झाडाकडे बघा: रेघ आणि नजर यांच्यात काटकोन आहे असं समजू. दुसऱ्या टोकावरून बघितल्यावर तो कोन ८० अंश भरला. बस्स. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण ठरला. झाड ५६७ मीटरवर आहे. आता त्या झाडापर्यंतची रेघ ही नवी बाजू धरायची, तिच्यावर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. पट्टी एकदाच लागते, पुढे सगळं नजरेवर. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत कन्याकुमारीहून हिमालयापर्यंत जाता येतं.

गोम कोनात आहे. त्या फुटाळ्याच्या उदाहरणात ८० च्या जागी चुकून ८१ अंश वाचलात तर झाड ६३१ मीटरवर जातं. एका अंशाने ६४ मीटर खाल्ले. म्हणून कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, लंडनहून बनवून आणलं ते अर्ध्या टनाचं होतं.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो विल्यम लॅम्बटन. फौजेतला माणूस, १७९९ मध्ये टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. लढाई संपल्यावर इतर अधिकारी लुटीचा हिशेब करत असताना याने वरिष्ठांना अर्ज केला की मला द्वीपकल्प मोजू द्या. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने पहिली रेघ मोजायला घेतली. साडेसात मैलांची रेघ, सत्तावन्न दिवस. साखळी होती १०० फुटी पोलादी, आणि तिचीही एक गंमत: ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून गेली होती. बादशहाने नको म्हटलं, म्हणून फिरत फिरत हिंदुस्थानात आली.

साखळी लाकडी पेटीत, वर तंबूची सावली, शेजारी थर्मामीटर. एवढे लाड कशाला? कारण पोलाद तापलं की लांबतं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १० अंश असतं आणि मे महिन्यात दुपारी ४५. या ३५ अंशांच्या फरकाने बारा किलोमीटरच्या पोलादी रेघेची लांबी जवळपास पाच मीटरनी बदलेल. सुरुवातीलाच पाच मीटरची चूक खपवली तर प्रत्येक त्रिकोण ती पुढे वाहून नेणार.

थिओडोलाइटची कुंडली तर साखळीहून वाईट. लंडनहून येताना जहाजच फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने पेट्यांत काय आहे ते बघून, युद्ध चालू असताना, सौजन्याच्या पत्रासह ते यंत्र मद्रासला पाठवून दिलं. (आज कुठला शत्रू असं करील?) मग १८०८ मध्ये तंजावरला, सपाट मुलखात उंच जागा नाही म्हणून, ते बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चक्राला पोचे पडले. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून ते चक्र हाताने ठोकून-ठाकून गोल करून वापरायला आणलं. मराठीत "जुगाड" हा शब्द हिंदीतून आला तो अलीकडे. गोष्ट मात्र जुनी आहे.

वीस वर्षं तो त्रिकोण विणत उत्तरेला सरकत राहिला. इकडे नागपुरात १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली होती, आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली होती आणि राज्याचा कारभार रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्सच्या हातात होता. मुलूख सर्व्हेसाठी मोकळा झाला. लॅम्बटनने मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं. सत्तरीला टेकलेला म्हातारा, छातीत क्षय. नागपूरपर्यंत पोचला नाही. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला तंबूत गेला. तिथेच त्याची कबर आहे. हैदराबादच्या रस्त्याने जाताना आपण हिंगणघाटला कापूस आणि जिनिंगचं गाव म्हणून मागे टाकतो. इथून पाऊण-शे किलोमीटर. ज्या सर्व्हेचा खांब आपण पाहुण्यांना दाखवतो, त्याचा बाप आपल्या वेशीवर झोपलाय, हे मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता लॅम्बटनला हे सगळं करायचं कशाला होतं? कंपनी सरकारला नकाशे हवे होते, सारावसुली आणि फौजेसाठी. त्याला स्वतःला दुसरंच वेड होतं. त्याला पृथ्वीचा आकार हवा होता. इथे संत्रं घ्या.

नागपुरी संत्रं देठाकडे आणि बुडाकडे जरा दबलेलं असतं, कमरेत फुगीर. लिंबू उलटं: दोन्ही टोकांना निमुळतं. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात यावरून जुंपली होती. न्यूटन म्हणाला, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून कमरेत फुगणार, ती संत्र्यासारखी. पॅरिसच्या कॅसिनी घराण्यातले खगोलशास्त्रज्ञ आपल्या मोजमापांवरून म्हणत होते, लिंबासारखी. फ्रेंचांनी १७३५ मध्ये एक तुकडी पेरूला पाठवली आणि पुढच्या वर्षी एक लॅपलँडला. संत्र्याचा पक्ष जिंकला.

पण आकार मोजतात कसा? उत्तरेकडे चालत जा आणि ध्रुवतारा बघत राहा. नागपुरात तो क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर दिसतो, दिल्लीत साडेअठ्ठावीस. ध्रुव एक अंश वर चढायला किती चालावं लागतं, तेच मोजायचं. पृथ्वी अगदी गोल असती तर सगळीकडे सारखंच चालावं लागलं असतं. संत्र्यासारखी असेल तर टोकाशी साल सपाट, म्हणजे तिथे एक अंश मिळवायला जास्त चालावं लागणार. प्रत्यक्षात विषुववृत्तापाशी एका अंशाला ११०.६ किलोमीटर पडतात आणि ध्रुवापाशी १११.७. फरक जेमतेम एका किलोमीटरचा. तो पकडायचा तर शेकडो किलोमीटर लांबीची रेघ काही मीटरच्या आत बिनचूक हवी. म्हणून एवढी यातायात. खरं तर संत्र्याची उपमा पृथ्वीवर अन्याय करणारी आहे. सात सेंटिमीटरचं संत्रं पृथ्वीइतकंच दबलेलं असतं तर तो दाब पाव मिलिमीटरचा भरला असता, आपल्या बोटांना कळलाही नसता.

संत्रं हातात आहेच तर अजून एक. शाळेत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश शिकवतात. संत्र्याच्या सालीवर देठापासून कमरेपर्यंत सुरीने रेघ ओढा, कमरेवरून पाव फेरी मारा, परत देठाकडे या. तीन कोपरे झाले आणि तिन्ही काटकोन. बेरीज २७०! शाळेचा नियम कागदावर खरा, सालीवर नाही. लॅम्बटनचे त्रिकोण पृथ्वीच्या सालीवरच होते. पन्नास किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात ही वाढ अंशाच्या सहाशेव्या भागाहूनही थोडी कमी, साडेपाच सेकंद, आणि ती प्रत्येक वेळी हिशेबात धरावी लागे.

(सेकंद म्हणजे घड्याळातला नव्हे. एका अंशाचे ६० भाग ती मिनिटं, मिनिटाचे ६० ते सेकंद. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर ते एका सेकंदाएवढं दिसेल, म्हणजे दिसणार नाहीच.)

लॅम्बटनच्या मागे जॉर्ज एव्हरेस्टने काम ओढलं. तो स्वतः आपलं आडनाव "ईव्हरेस्ट" असं उच्चारायचा. सगळ्या जगाने त्याचं नाव डोंगराला देऊन चुकीचं रूढ केलं. मे महिन्यात वर्धा रोडवर लांबचा ट्रक पाण्यात थरथरल्यासारखा दिसतो ना, त्या झळांनी सर्व्हेवाल्यांना रडवलं. लांबची खूण दुपारी नाचायची. लॅम्बटनने तोड काढली होती पावसाळ्याची: पावसाने धूळ खाली बसली की हवा काचेसारखी. पण त्या दिवसांत जंगलात ताप. एव्हरेस्ट स्वतः गोदावरी-कृष्णेच्या मुलखात तापाने मरता मरता वाचला. पुढे त्याने रात्री दिवे पेटवून कोन मोजायला सुरुवात केली. थंड हवेत प्रकाश जमिनीकडे वाकतो आणि दिवसा डोंगराआड असलेली खूण रात्री वर उचलल्यासारखी दिसू लागते. हे चाळे करत, नागपूरच्या पश्चिमेकडून बऱ्हाडातून वर सरकत, १८४० च्या सुमारास ती त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. कन्याकुमारीपासून सुमारे २४०० किलोमीटर.

आणि तिथे ओळंबा पकडला गेला.

सर्व्हेची दोन ठाणी होती. एक कल्याणपूर, मध्य प्रदेशात सिरोंजजवळ. दुसरं कल्याणा, उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरजवळ, हिमालयाच्या बऱ्यापैकी अंगाशी. दोन्हींत अंतर सुमारे ६०० किलोमीटर. ते दोन पद्धतींनी तपासलं गेलं. एक, त्रिकोणांची माळ: जमिनीवरून. दोन, ताऱ्यांवरून: दोन्ही ठिकाणी तारे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून किती कोनात आहेत ते बघायचं. त्रिकोणांनी सांगितलं, दोन ठाण्यांत अक्षांशाचा फरक ५ अंश २३ मिनिटं ४२.२९ सेकंद. ताऱ्यांनी सांगितलं, ५ अंश २३ मिनिटं ३७.०६ सेकंद. सव्वापाच सेकंदांची तफावत. जमिनीवर सुमारे १६० मीटर.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, सहाशे किलोमीटरमध्ये १६० मीटर, सोडून द्या. पण ज्यांनी साखळीला तंबूची सावली दिली होती त्यांच्या घरात हे खपणारं नव्हतं.

चोर होता ओळंबा. "बरोबर डोक्यावर" म्हणजे कुठे, हे ठरवायला ताऱ्यांच्या यंत्रालाही ओळंबाच लागतो. दोरी ज्या बाजूला खाली जाते त्याच्या उलट दिशेला वर. पण पितळी गोळ्याला खाली ओढतं कोण? पृथ्वी. म्हणजे पृथ्वीतलं सगळं द्रव्य, प्रत्येक दगड आपापल्या परीने. शेजारी हिमालयाएवढा ढीग असेल तर तोही आपल्याकडे ओढणारच. गोळा किंचित उत्तरेला सरकतो, वरचं टोक किंचित दक्षिणेला झुकतं, आणि यंत्राला वाटतं आपण आहोत त्यापेक्षा थोडे दक्षिणेला आहोत. कल्याणा हिमालयाच्या जवळ, म्हणून तिथे जास्त झुकाव. कल्याणपूर लांब, तिथे कमी. ही कल्पना नवी नव्हती. १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबे लावून मॅस्केलाइन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने डोंगराची ओढ मोजली होती आणि त्यावरून पृथ्वी किती भरीव आहे याचा अंदाज बांधला होता.

मग कलकत्त्यातल्या एका पाद्र्याने, जॉन प्रॅटने, हिशेबाला हात घातला. हा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला वरचा अधिकारी, होता आणि केंब्रिजचा गणितीही. त्याने हिमालय आणि त्यामागचं पठार यांचे तुकडे पाडले, प्रत्येकाचं वजन धरलं, ओढ काढली आणि बेरीज केली. उत्तर आलं: तफावत १५.८८५ सेकंद असायला हवी.

मोजलेली होती ५.२३६.

इथे गोष्ट उलटी झाली. आधी प्रश्न होता की ओळंबा का झुकला. आता प्रश्न उरला की तो इतका कमी का झुकला. एवढा थोरला डोंगर, आणि त्याची ओढ हिशेबाच्या फक्त एक तृतीयांश! जणू हिमालय आतून पोकळ आहे.

प्रॅटचा निबंध पोचल्यावर काही आठवड्यांतच, १८५५ मध्ये, इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं. त्यांनी उदाहरण दिलं पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांचं; मी आपल्या रसवंतीवरचं देतो. उसाच्या रसाच्या ग्लासात बर्फाचा एक छोटा खडा आणि एक मोठा खडा टाका. मोठा खडा रसाच्या वर जास्त डोकावतो. पण ग्लास काचेचा असेल तर बाजूने बघा: तो खालीही जास्त बुडालेला असतो. बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा वर, बाकी सगळा खाली. जेवढी शेंडी उंच, तेवढे पाय खोल. एअरी म्हणाले, डोंगरांचंही तेच. पृथ्वीचं कवच हलक्या दगडाचं आहे आणि ते खालच्या जास्त जड थरावर तरंगतंय. हिमालय उंच आहे, कारण त्याच्याखाली हलक्या दगडाचं खोल मूळ आहे. त्या मुळाने खालच्या जड द्रव्याला बाजूला सारलेलं असतं. वरच्या डोंगराने ओढ वाढवली, खालच्या मुळाने जड माल हटवून ती बरीचशी वजा केली. ओळंब्याच्या वाट्याला उरला फक्त फरक.

प्रॅटला हे पटलं नाही. चार वर्षांनी त्याने आपलं उत्तर मांडलं, त्याला मी भाकरीचं उत्तर म्हणतो. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा पीठ तेवढंच असतं, जागा जास्त व्यापली जाते. तसं डोंगराखालचं द्रव्य फुगून विरळ झालंय, म्हणून ते उंचही आहे आणि हलकंही. पुढच्या शंभर वर्षांत दिसलं की दोघांकडेही थोडं थोडं खरं होतं. पण हिमालयापुरतं एअरींचं पारडं जड: भूकंपाच्या लहरींवरून आज कळतं की आपल्या दख्खनच्या पठाराखाली कवच ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे आणि हिमालय-तिबेटखाली सुमारे ७०. वरची आठ-नऊ किलोमीटरची शिखरं ही शेंडी. खरा डोंगर जमिनीखाली आहे.

याला आयसोस्टसी म्हणतात, मराठीत भूसंतुलन. खालचा थर म्हणजे पातळ रस नव्हे, तो दगडच आहे; पण लाखो वर्षांच्या हिशेबात गरम दगडही डांबरासारखा हळूहळू वाहतो. यातून एक मजेशीर परिणाम निघतो. नद्या डोंगर झिजवतात, शेंडी हलकी होते, आणि बर्फाचा वरचा भाग चाटला की खडा जसा जरा वर येतो तसा डोंगर थोडा वर उचलला जातो. म्हणून डोंगर झिजून सपाट व्हायला आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो.

ओळंब्याची लबाडी समुद्रालाही लागू आहे. पाणी ओळंब्याला नेहमी काटकोनात राहतं; मिस्त्रीच्या नळीतलं असो की अरबी समुद्रातलं. गोळा जिकडे झुकतो तशी पाण्याची पातळीही वाकते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात एक पट्टा असा आहे की तिथे पृथ्वीची ओढ कमी पडते आणि समुद्राचा पृष्ठभाग गणितातल्या गुळगुळीत पृथ्वीपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातला सर्वांत खोल असा खड्डा, आणि तो पाण्याचा. त्यावरून जहाजं रोज जातात आणि खलाशाला उतारही जाणवत नाही, कारण त्याच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणीही तसंच वाकलेलं असतं. म्हणून "समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट" हे वाक्य दिसतं तेवढं सरळ नाही. ती सपाटी सपाट नाहीच.

खोली पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रीला हे सगळं सांगितलं, रसवंतीच्या ग्लासासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, हिमालय आपल्या भिंतीला किती ओढते? नागपूर हिमालयापासून लांब, पण हिशेबाला कल्याणाचेच सव्वापाच सेकंद धरले. दहा फुटी भिंत, तीन मीटर. फोनवर गुणाकार केला: ०.०७६ मिलिमीटर. "केसाएवढं," मी म्हटलं.

त्याने दोरी गुंडाळून ओळंबा पिशवीत टाकला.

"मंग प्लास्टर कायले करतो, भाऊ?"